पदरमोड

एम.एस्सी. नर्सिंग करायला किती खर्च येतो, असं मला दरवर्षी कोणी ना कोणी विचारतं. विचारणाऱ्या मुली बहुतेक खासगी हॉस्पिटलांत स्टाफ नर्स असतात. माझे विद्यार्थी घेऊन मी क्लिनिकलसाठी वॉर्डात गेले की हॅण्डओव्हर आटोपल्यावर एखादी बाजूला घेऊन विचारते, "मॅडम, फी किती बसेल?" मी उलट तिलाच विचारते, महिन्याला हातात किती पडतात, पीएफ कापतात का, घरी कमावणारं आणखी कोण आहे. ती जरा बावरते. ती आलेली असते फीचा आकडा ऐकायला आणि मी तिच्या पगाराचं काढून बसते. पण नर्सच्या पुढच्या शिक्षणात सगळ्यात मोठा खर्च तिच्या बुडालेल्या पगाराचा असतो, हे मी स्वतः सोसून शिकले आहे. कॉलेजच्या माहितीपत्रकात हा खर्च छापलेला नसतो. बँकेच्या अर्जात त्याला रकाना नसतो. शिष्यवृत्तीच्या नियमांतही त्याचा उल्लेख नसतो. तो ज्याचा त्याने आपापल्या घरात निस्तरायचा असतो.

मी कराड तालुक्यातली. दोन एकर ऊस, त्यात आम्ही तीन भावंडं. बारावी सायन्सला मार्क चांगले होते. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं, जीएनएमची पदविका तेव्हा साडेतीन वर्षांची (आता ती तीन वर्षांची आहे), पण दोन्हींच्या फीमध्ये बरंच अंतर होतं. आप्पांनी कारखान्याचं बिल किती येईल, सोसायटीचं कर्ज वळतं होऊन किती उरेल याचा अंदाज बांधला आणि म्हणाले, "लवकर हाताला काम लागेल असं बघ, बाळा." मी जीएनएमला गेले. आमच्या घरच्या परिस्थितीत दुसरं काही करता आलं नसतं, आणि आप्पांनी जे केलं ते पोटाला चिमटा घेऊन केलं.

मात्र या निवडीची किंमत पुढे कशी वसूल होते, हे कोणी मुलीला समजावून सांगत नाही. बी.एस्सी. झालेली मुलगी वर्षभर नोकरी करून थेट एम.एस्सी.ला बसू शकते. जीएनएम झालेलीला आधी दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. करावं लागतं, मग दोन वर्षांची एम.एस्सी. म्हणजे जिच्या घरात पैसे कमी, तिला दोनदा नोकरी सोडावी लागते आणि दोनदा फी भरावी लागते. सुरुवातीला जी वाट स्वस्त पडते ती शेवटी सगळ्यांत महाग पडते. माझ्या ओळखीच्या एम.एस्सी. झालेल्या नर्सेसमध्ये शेतकऱ्यांच्या, गिरणी कामगारांच्या, अंगणवाडी ताईंच्या मुली भरपूर आहेत. जवळजवळ सगळ्या याच लांबच्या वाटेने आल्या.

पोस्ट बेसिकसाठी एक सोय होती, ती सांगायला हवी. इग्नूने १९९४ मध्ये नोकरी करणाऱ्या नर्सेससाठी पोस्ट बेसिक बी.एस्सी. सुरू केलं. जीएनएम करून मी ज्या आयसीयूत नोकरीला लागले, तिथल्या एका सीनियर सिस्टरांनी ते केलं होतं. ड्युट्या सांभाळून, सुट्ट्यांच्या दिवशी संपर्क वर्ग करून, पगार चालू ठेवून. त्यांच्या टेबलावर नेहमी इग्नूची ती पुस्तकं असायची आणि नाईटला सगळं स्थिरस्थावर झालं की त्या असाइनमेंट लिहीत बसायच्या. मला मात्र इग्नूच्या केंद्रात जागा मिळाली नाही. मी रेग्युलरला गेले. त्या दोन वर्षांची फी आप्पांनी उसाच्या बिलातून भरली आणि धाकट्या भावाचं डिप्लोमाचं शिक्षण एक वर्ष पुढे ढकललं. त्याने त्याबद्दल कधी तोंडातून शब्द काढला नाही.

२०१५ साली मी एम.एस्सी.ला जायचं ठरवलं तेव्हा माझं लग्न झालेलं होतं, मुलगी लहान होती आणि पुण्याच्या एका खासगी हॉस्पिटलात आयसीयूत मला महिना १७,००० रुपये मिळत होते. सासूबाई मुलीला सांभाळायला तयार होत्या. यांचा चाकणच्या कारखान्यात कायम नोकरी लागण्याचा खटाटोप चालू होता. एका रविवारी आम्ही दोघांनी मुलीच्या वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. फी वर्षाला १,३०,००० म्हणजे दोन वर्षांची २,६०,०००. विद्यापीठाचं पात्रता शुल्क, परीक्षा शुल्क, पुस्तकं, ॲप्रन, लॉगबुकं, प्रबंधाचं टायपिंग-बाइंडिंग मिळून चाळीसेक हजार. हे झाले तीन लाख. मग यांनी खाली एक रेघ ओढून १७,००० गुणिले २४ लिहिलं. ४,०८,०००. मी म्हटलं, "हे कशाला धरताय? हे काही कुणाला द्यायचे नाहीत." हे म्हणाले, "घरभाडं यातूनच जातंय ना?"

त्या ४,०८,००० च्या पोटात आणखी काही रकमा होत्या, त्या मला ऑफिसात राजीनामा देताना कळल्या. पीएफमध्ये मालकाचा हिस्सा थांबणार. ग्रॅच्युइटीला १९७२ च्या कायद्याप्रमाणे सलग पाच वर्षांची सेवा लागायची. पोस्ट बेसिकच्या वेळी एकदा आणि आता दुसऱ्यांदा अशी माझी सेवा दोन ठिकाणी तुटली, म्हणून इतकी वर्षं काम करून ग्रॅच्युइटीचा एक रुपया माझ्या वाट्याला आला नाही. पीएफमधून शिक्षणासाठी उचल मिळते असं ऐकलं होतं. नियम पाहिला तर ती मुलाच्या किंवा मुलीच्या शिक्षणासाठी होती, सभासदाच्या स्वतःच्या शिक्षणासाठी नव्हती. आई झालेली बाई स्वतः शिकायला जाईल हे तो नियम लिहिताना कोणाच्या डोक्यात आलं नसावं. शेवटी राजीनामा दिल्यावर दोन महिने थांबून मी सगळा पीएफच काढून घेतला. म्हातारपणासाठी साठलेले पैसे पहिल्या वर्षाच्या फीच्या पहिल्या हप्त्यात गेले.

नर्सला स्वतःच्या शिक्षणासाठी पैसे साठवता का येत नाहीत, याचं उत्तर तिच्या पगारात आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१६ मध्ये ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडियाच्या याचिकेवर निकाल दिला आणि त्याप्रमाणे केंद्र सरकारने समिती नेमली. खासगी हॉस्पिटलात २०० पेक्षा जास्त खाटा असतील तर नर्सला त्या राज्यातल्या सरकारी नर्सइतका पगार द्यावा, १०० ते २०० खाटांच्या ठिकाणी तो दहा टक्क्यांहून जास्त कमी नसावा, ५० ते १०० खाटांच्या ठिकाणी पंचवीस टक्क्यांहून जास्त कमी नसावा, आणि ५० पेक्षा कमी खाटा असतील तरी २०,००० रुपयांच्या खाली जाऊ नये, अशी त्या समितीची शिफारस होती. म्हणजे मी मोठ्या हॉस्पिटलाच्या आयसीयूत व्हेंटिलेटरवरचे पेशंट सांभाळून जे मिळवत होते, ते या समितीने सगळ्यात छोट्या नर्सिंग होमसाठी सांगितलेल्या किमान रकमेपेक्षाही कमी होतं. मी नोकरी केली त्या एकाही खासगी हॉस्पिटलात ही शिफारस लागू झालेली मी पाहिली नाही.

उरलेल्या पैशांसाठी बँक. त्या शाखेचं नाव घेत नाही. शैक्षणिक कर्जाच्या आदर्श योजनेप्रमाणे चार लाखांपर्यंत तारण लागत नाही, आणि विवाहित अर्जदार असेल तर नवरा सहकर्जदार चालतो. हे मी आधी वाचून गेले होते. तरी साहेबांनी पहिल्या भेटीत सोनं किंवा एफडी आहे का असं विचारलं. दुसऱ्या भेटीत ते म्हणाले, "तुम्ही तर नोकरीला आहात, मग शिकायला कशाला पाहिजे?" तिसऱ्या वेळी मी योजनेची प्रत छापून नेली, त्यावर खुणा केल्या आणि त्यांच्या पुढ्यात ठेवली. कर्ज मंजूर झालं. तीन लाख, बारा टक्क्यांनी. साडेचार लाखांपेक्षा कमी कौटुंबिक उत्पन्न असलेल्यांना शिक्षण चालू असतानाचं व्याज केंद्र सरकार भरतं, अशीही एक योजना होती. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला काढून मी तो अर्ज दिला. शाखेने तो वेळेत पुढे पाठवला नाही आणि ते व्याज मुद्दलात चढलं.

कर्ज मिळालं तरी ते फी, पुस्तकं, वसतिगृह याच गोष्टींसाठी असतं. घरभाडं, मुलीचं दूध, गॅस यांसाठी शैक्षणिक कर्ज मिळत नाही. तिथे माझ्या पाटल्या गहाण पडल्या आणि आयसीयूतल्या सिस्टरांच्या भिशीने हात दिला. दर महिन्याला हजार रुपये, वीस जणी. मी नोकरी सोडली तरी त्यांनी माझं नाव काढलं नाही, आणि सगळ्यांनी ठरवून माझा नंबर आधी लावला. त्यातल्या दोघींची स्वतःच्या घरी ओढाताण चालू होती. शनिवारी रात्री मी एका छोट्या नर्सिंग होममध्ये नाईट करायचे. एका नाईटचे ६०० रुपये रोख मिळायचे.

आमच्या वर्गात सरकारी सेवेतून आलेल्या एक अधिपरिचारिका होत्या. त्या अध्ययन रजेवर होत्या आणि त्यांना रजावेतन मिळत होतं. शिक्षण संपल्यावर ठरावीक काळ सरकारी सेवेत राहण्याचं बंधपत्र त्यांनी दिलं होतं. आमच्यापेक्षा त्या वयाने मोठ्या होत्या, विषय त्यांना जड जायचे, पण त्यांच्या चेहऱ्यावर महिनाअखेरीची धास्ती कधी दिसली नाही. संध्याकाळी त्या लायब्ररीत बसायच्या. मी तेव्हा बस पकडायला पळत असायचे. त्यांचा मला हेवा वाटला नाही. असंच सगळ्यांना मिळायला पाहिजे, असं मात्र प्रत्येक वेळी वाटलं. एक मैत्रीण अनुसूचित जातीच्या शिष्यवृत्तीवर शिकत होती. तिची फी सरकार भरणार होतं, पण पैसे येईपर्यंत तिने आधी भरावी आणि नंतर परत घ्यावी असं कॉलेजने तिला सांगितलं. तिच्या वडिलांनी ती रक्कम सावकाराकडून तीन रुपये शेकड्याने उचलली. शिष्यवृत्ती आली तोपर्यंत व्याजाचेच बरेच झाले होते.

आता प्रत्यक्ष शिक्षणाबद्दल सांगते, कारण "शिकतायत ना, मग पगार कशाचा?" असं म्हणणाऱ्यांना त्यात काय असतं हे ठाऊक नसतं. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या आमच्या अभ्यासक्रमात विशेष विषयाचं प्रात्यक्षिक पहिल्या वर्षी ६५० तास आणि दुसऱ्या वर्षी ९५० तास होतं. मिळून १,६०० तास, म्हणजे आठ तासांच्या ड्युटीने मोजलं तर २०० ड्युट्या. बाकीच्या विषयांची प्रात्यक्षिकं वेगळी. हे तास नुसतं बघत उभं राहण्याचे नसतात.

माझा विषय मेडिकल सर्जिकल, त्यात क्रिटिकल केअर. एका पावसाळ्यात आमचं पोस्टिंग मेडिकल आयसीयूत होतं. फवारणीचे दिवस होते. विषबाधेचा एक पेशंट आला, वीस-बावीस वर्षांचा पोरगा, तोंडातून फेस, बुबुळं टाचणीच्या टोकाएवढी झालेली. अंगाला त्या औषधाचा उग्र वास. रेसिडेंट डॉक्टरांनी नळी घातली, ॲट्रोपिन सुरू झालं. त्या शिफ्टला स्टाफ नर्स दोनच होत्या आणि बेड आठ. इन्चार्ज सिस्टर मला म्हणाल्या, "चार नंबर तुमचा." मग सकाळभर तो पोरगा माझा होता. त्याचे कपडे काढून, अंग साबणाने धुऊन काढलं, केसांतून, नखांतून औषध निघेपर्यंत. दर काही मिनिटांनी बुबुळं, नाडी, छातीतला आवाज बघायचा, घाम सुकतोय का ते हाताने तपासायचं आणि ॲट्रोपिनची नोंद ठेवायची. थोडं कमी पडलं तर छाती पाण्याने भरते आणि जास्त झालं तर पेशंट बरळायला लागतो, अंग तापतं. सक्शन करायचं, नळीच्या कफचा दाब २० ते ३० च्या मध्ये ठेवायचा, बेडची डोक्याकडची बाजू उचललेली ठेवायची, तोंड स्वच्छ करायचं. बाहेर त्याची आई चप्पल हातात धरून बसली होती. तिला आत आणून त्याच्या पायाला हात लावू दिला.

त्या खाटेच्या एका बाजूला रेसिडेंट डॉक्टर होते, एका बाजूला मी. दोघंही पदव्युत्तर शिक्षण घेत होतो, दोघंही विद्यापीठाचे विद्यार्थी, दोघांचीही हजेरी लागत होती. त्यांना विद्यावेतन मिळत होतं. ते अपुरं होतं आणि वेळेवर येत नव्हतं, त्यासाठी त्यांना संप करावे लागायचे, हेही मला माहीत आहे. छत्तीस-छत्तीस तास उभे राहणाऱ्या त्या मुलांना मिळतं ते त्यांच्या हक्काचंच आहे. पण मी त्याच खाटेपाशी उभं राहण्याची फी भरत होते. आमच्या वर्गात सरकारी रजेवर आलेल्या त्या बाई सोडल्या तर कोणालाच दोन वर्षांत एक रुपया मिळाला नाही. तो पोरगा आठवड्याने नळीवरून सुटला. आयसीयूतून जाताना त्याच्या आईने मला विचारलं, "बाई, तुमची इथं कायमची नोकरी हाय नव्हं?" मी हो म्हटलं. तिला काय समजावून सांगणार होते?

नर्सच्या शिकण्याचा खर्च समाजाने उचलावा ही काही माझ्या मनची नवी मागणी नाही. आपण दरवर्षी शपथविधीला दिवे लावतो आणि फ्लॉरेन्स नाइटिंगेलचं नाव घेतो. तिची शाळा लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये १८६० साली सुरू झाली ती नाइटिंगेल फंडातून. क्रिमियाच्या युद्धानंतर लोकांनी वर्गणी काढून सुमारे ४५,००० पौंड जमवले होते, आणि सैनिकांनी आपला एकेक दिवसाचा पगार त्यात घातला होता. त्या शाळेत शिकणाऱ्या मुलींना राहणं, जेवण, गणवेश आणि वर्षाला दहा पौंड मिळायचे. आधुनिक नर्सिंगची पहिली शाळा मुलींकडून पैसे घेऊन चालली नाही, त्यांना पैसे देऊन चालली. दिवे लावताना माझ्या विद्यार्थिनींना मी हे दरवर्षी आवर्जून सांगते.

आणि आपल्याकडेही हे तत्त्व मान्य झालेलं आहे. इंडियन नर्सिंग कौन्सिलनेच २०१७ च्या आसपास ‘नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर’ हा दोन वर्षांचा पदव्युत्तर रेसिडेन्सी अभ्यासक्रम आणला. त्यात शिकणारी नर्स हॉस्पिटलात काम करत शिकते आणि तिला त्या हॉस्पिटलच्या वेतनाप्रमाणे पैसे मिळावेत असं त्यात म्हटलं आहे. मग तेच एम.एस्सी.च्या १,६०० तासांना का लागू होऊ नये?

एम.एस्सी. झाल्यावर मला एका कॉलेजात २४,००० वर लेक्चरर म्हणून घेतलं. घरात पेढे आणले, आप्पांना फोन केला. मग हप्ता सुरू झाला. व्याज चढून मुद्दल पावणेचार लाखांच्या घरात गेलं होतं आणि सात वर्षांसाठी हप्ता बसला साडेसहा हजार. पूर्वीच्या पगारापेक्षा मला सात हजार जास्त मिळत होते आणि साडेसहा हजार बँकेत जात होते. म्हणजे पदवीने वाढलेली कमाई जवळजवळ सगळीच्या सगळी त्या पदवीच्या हप्त्यात जायची. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर आयकराच्या ८०ई कलमाखाली आठ वर्षं सवलत मिळते, असं बँकेत सांगितलं होतं. पण ज्याला कर भरावा लागतो त्याला सवलतीचा उपयोग. माझ्या पगारावर करच बसत नव्हता. नर्ससारख्या कमी पगाराच्या माणसाला ही सवलत कागदावरच राहते, आणि धोरण ठरवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यायला हवं.

तरीही मी मुलींना एम.एस्सी. करू नका असं कधी सांगत नाही. मी केलं याचा मला आनंद आहे, अभिमान आहे. आयसीयूत मी जे हाताने करत होते त्याचं कारण मला एम.एस्सी.ने दिलं. माझा प्रबंध व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला होणाऱ्या न्यूमोनियाबद्दल होता. डोक्याकडची बाजू किती उचलायची, तोंडाची स्वच्छता किती वेळाने, कफचा दाब किती, हे स्टाफला शिकवल्यावर त्यांच्या कामात काय फरक पडतो हे मी मोजलं. माझ्या हाताखालून गेलेली मुलं-मुली आज गडचिरोलीपासून दुबईपर्यंत आयसीयूत उभी आहेत, आणि बेड सपाट दिसला की ती तो उचलतात.

हा फायदा एकट्या माझा नाही, पेशंटचा आहे. २०१४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये युरोपातल्या नऊ देशांतल्या ३०० हॉस्पिटलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रिया झालेल्या चार लाखांहून जास्त पेशंटची माहिती त्यात होती. हॉस्पिटलात पदवीधर नर्सेसचं प्रमाण दहा टक्क्यांनी जास्त असेल तर पेशंट तीस दिवसांत दगावण्याची शक्यता सात टक्क्यांनी कमी दिसली. आता पदवीधर नर्स घडवायची तर तिला शिकवायला एम.एस्सी. झालेली नर्स लागते. २०२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात वैद्यकीय महाविद्यालयांना जोडून १५७ नवी नर्सिंग कॉलेजं जाहीर झाली. इमारती उभ्या करता येतील, पण तिथे शिकवायला जे लागणार आहेत ते एखाद्या वॉर्डातल्या स्टाफ नर्सच्या पाटल्या गहाण टाकून तयार व्हावेत, अशी सरकारची अपेक्षा आहे का?

आज विचारणाऱ्या मुलींना मी काही गोष्टी अगदी स्पष्ट सांगते. प्रवेश शक्यतो केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतूनच घ्या. व्यवस्थापन कोट्यातून घेतला की सरकारी फी-सवलतींवर पाणी सोडावं लागतं. फी किती घ्यायची ते खासगी कॉलेजांसाठी राज्याचं शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं, तेव्हा त्यांच्या संकेतस्थळावरचा आकडा बघूनच कॉलेजात जा. त्यावर कोणी पावतीशिवाय पैसे मागितले तर १९८७ चा कॅपिटेशन फी बंदीचा कायदा आपल्या राज्यात आहे. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क राज्य सरकारने माफ केलं आहे. हे फार मोठं पाऊल आहे आणि त्यासाठी सरकारचे मनापासून आभार मानते. तुमचा अभ्यासक्रम आणि कॉलेज त्यात बसतं का ते महाडीबीटी पोर्टलवर आधी तपासा. नोकरी सोडायच्या आत ग्रॅच्युइटीची पाच वर्षं भरत आली असतील तर थोडं थांबा. मूळ प्रमाणपत्रं हॉस्पिटलने अडकवून ठेवली असतील तर ती आधी सोडवून घ्या. ती ठेवून घ्यायचा अधिकार मालकाला नाही. आणि सासरी-माहेरी हिशेब मांडताना बुडणारा पगार सगळ्यात वर लिहा.

फी माफ झाली तरी तो पगार बुडतोच. माझ्या हिशेबात तो फीपेक्षा मोठा होता, आणि आजही जिला-जिला विचारते तिचा तो मोठाच निघतो. परवा एक मुलगी आली होती, सोलापूरकडची, पाच वर्षं डायलिसिस युनिटला काढलेली. फी माफ होईल असं कळल्यावर तिचे डोळे चमकले. मग मी पगाराचं विचारलं. घरी आई आणि शिकणारा भाऊ, आणि पैसे पाठवणारी ही एकटी. "पुढच्या वर्षी बघू, मॅडम," म्हणाली. तिच्याइतकं नीट मशीन लावणारं माणूस त्या हॉस्पिटलात दुसरं नसेल. ती शिकवायला आली असती तर तिच्या हाताखाली किती जण तयार झाले असते!

म्हणून माझी विनंती दोन ठिकाणी आहे. मोठ्या खासगी हॉस्पिटलांच्या चालकांना सांगणं आहे की तुमच्या नर्सला एम.एस्सी.ला जायचं असेल तर तिचा राजीनामा घेऊ नका. तिला बिनपगारी का होईना पण रजा द्या, सेवा सलग ठेवा, जमलं तर अर्धा पगार द्या आणि परत येऊन काही काळ काम करण्याचं लेखी घ्या. सरकार आपल्या अधिपरिचारिकांसाठी हे करतं, तुम्हालाही करता येईल. आणि राज्याच्या वैद्यकीय शिक्षण विभागाला विनंती आहे की सरकारी आणि खासगी, दोन्हीकडच्या एम.एस्सी. नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना निदान प्रात्यक्षिकाच्या तासांचं तरी विद्यावेतन सुरू करावं. ते तास मोजायला वेगळी यंत्रणा उभारावी लागणार नाही. प्रत्येकीच्या लॉगबुकात ते तारीखवार लिहिलेले असतात आणि त्याखाली वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टरची सही असते.